सातव्या महिन्यातली पेंड

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

पाडवा झाला, ऊन चढलं, दुपारी गोठ्याच्या पत्र्याकडे बघवत नाही. आज मी गाभण गाईविषयी बोलणार आहे. त्यातही तिच्या शेवटच्या तीन महिन्यांविषयी.

निमित्त झालं मागच्या आठवड्यातल्या एका प्रश्नाचं. औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेत बचत गटांच्या बायांची बैठक होती. बैठक संपल्यावर कुणी मंडईत भाजी घ्यायला गेल्या, कुणी एसटी गाठायला निघाल्या. एक ताई मात्र माझ्यासाठी थांबली. फुलंब्रीकडची होती. म्हणाली, "मॅडम, माझी कालवड गाभण आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भरवली, आता सातवा लागला. पेंड बंद केली मी तिची. बरोबर केलं ना?"

मी विचारलं, "का गं, पेंड का बंद केली?"

"वासरू लहान राहावं म्हणून. आधीची पहिलारू गेली हो माझी. वासरू मोठं व्हतं, अडलं. रातभर चार माणसांनी ओढलं. वासरू मेलेलंच निघालं, आन् तिसऱ्या दिवशी गाय बी गेली. गटाचं कर्ज काढून घेतली व्हती. गाय गेली, हप्ते राहिले."

तिला तिथे उभ्या उभ्या पाच मिनिटांत जे सांगितलं ते घाईचं होतं. आज नीट सांगते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. सातव्या महिन्यात खुराक तोडायचा, म्हणजे वासरू लहान राहतं आणि गाय सुखरूप मोकळी होते, असं गावोगाव मानतात. आणि कबूल करते, नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही दोन-चार जणींना हेच सांगितलेलं आहे. मोठ्या माणसांकडून ऐकलं होतं, पटल्यासारखं वाटलं होतं.

आपल्यापैकी कितीजणींना गरोदरपणात सासूनं किंवा आजीनं सांगितलं असेल, "जास्त जेवू नको, पोट अन्नानं भरलं तर बाळाला जागा कुठली? बाळ मोठं झालं तर अडशील." तेच आपण गाईला लावतो. त्या म्हाताऱ्यांची भीती खोटी नव्हती. जिथे दवाखाना दहा कोसांवर तिथे अडलेली बाई म्हणजे मरणच. पण उपाय चुकीचा होता. बाईसाठी चुकीचा आणि गाईसाठीही.

हे समजून घ्यायला आधी जार समजून घ्यावी लागते.

जार म्हटली की आपण तोंड फिरवतो. गाय व्याली, जार पडली, की ती लांब नेऊन पुरायची, कुत्र्यानं ओढू नये म्हणून वर दगड ठेवायचे, एवढीच तिची किंमत. पुढच्या वेळी पुरण्याआधी एकदा पसरून बघा. तिच्यावर लाल-तपकिरी गोळे दिसतील, बटणांसारखे, साधारण सत्तर ते एकशेवीस. ही बटणं गाईच्या गर्भपिशवीवरच्या तशाच गोळ्यांना चिकटलेली असतात. गाईचं रक्त आणि वासराचं रक्त कधीच एकमेकांत मिसळत नाही. या बटणांपाशी दोन्ही रक्तं पातळ पडद्याच्या अलीकडे-पलीकडे वाहतात आणि तिथूनच अन्न, पाणी, प्राणवायू वासराकडे जातो. म्हणजे वासराची चूल, मोरी आणि नाक, सगळं जारच.

जारेचं आणखी एक काम आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. जार निरोप पाठवते. रक्तातून जाणाऱ्या या निरोपांना हार्मोन म्हणतात, पुस्तकी मराठीत संप्रेरक. एका ठिकाणी तयार होतं, रक्तातून जातं आणि शरीरात दुसरीकडे जाऊन सांगतं, हे कर, ते थांबव.

गाभण गाईच्या अंगातला पहिला निरोप जारेचा नसतो. माजावर येऊन अंडं सुटलं की अंडाशयावर त्या जागी एक पिवळा गोळा तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडतो. त्याचा निरोप गर्भपिशवीला असतो: शांत राहा, आकुंचन पावू नकोस, आत कुणीतरी आहे. गाईमध्ये हा पिवळा गोळा सहा-सात महिने तरी शाबूत राहावाच लागतो.

इथे जरा थांबते. गाय माजावर यावी म्हणून जी काही इंजेक्शनं देतात, त्यातलं एक नेमका हा पिवळा गोळा विरघळवतं. गाय गाभण असली आणि ते दिलं गेलं, तर गाभ पडतो. म्हणून गाय दोन-तीन महिने माजावर आली नाही, तर आधी गाभण आहे की नाही ते तपासून घ्या, मग औषध. आणि डॉक्टर कुठल्याही दुखण्यासाठी आले, तरी त्यांनी विचारण्याची वाट न बघता पहिलं वाक्य हेच: "डॉक्टरसाहेब, गाय इतक्या महिन्यांची गाभण आहे."

आता जारेकडे परत. जारेत दोन केंद्रं असलेल्या मोठ्या पेशी असतात. त्यांच्यातून एक संप्रेरक निघतं, त्याला जारेचं दूधजनक संप्रेरक म्हणूया. कासेची वाढ करणं आणि आईच्या अंगातलं अन्न वासराकडे वळवणं, या दोन्ही कामांत त्याचा हात असतो असं शास्त्रज्ञ मानतात. दुसरं आहे एस्ट्रोन सल्फेट. नाव अवघड आहे, पाठ करू नका. तेही जारेतूनच येतं आणि गाभणकाळ पुढे सरकतो तसं गाईच्या रक्तात आणि दुधात वाढत जातं. इतकं, की भरवल्यानंतर चारेक महिन्यांनी दूध तपासून गाय गाभण आहे की नाही ते सांगता येतं. आणि आपल्या विषयाशी जोडलेली गोष्ट ही, की ज्या गाईंच्या रक्तात शेवटच्या महिन्यांत हे जास्त असतं, त्यांची वासरं सरासरीनं जड निघतात. जुळी असली तर ते आणखी वाढतं. कारण सरळ आहे. जार मोठी असली की निरोपही जास्त आणि अन्नही जास्त.

एका कार्यक्रमात एका मैत्रिणीनं विचारलं होतं, मग रक्त तपासून वासरू किती किलोचं आहे ते सांगता येईल का? नाही. शंभर गाईंचा कल सांगता येतो, तुमच्या एका गाईचं वजन नाही. पण या संप्रेरकांमुळे एक गोष्ट पक्की कळली. वासराचा आकार आणि कासेची तयारी ही दोन्ही कामं एकाच जारेतून चालतात. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

वासरू केव्हा वाढतं? इथे आपला अंदाज हमखास चुकतो. पहिले सहा महिने वासराचे अवयव घडतात, जार पसरते, बटणं मोठी होतात. पण वजन फारसं नसतं. जन्माला येताना तीस किलो भरणारं वासरू सहाव्या महिन्याच्या अखेरीला जेमतेम चार-पाच किलोचं असतं. उरलेले पंचवीस किलो शेवटच्या तीन महिन्यांत चढतात. म्हणजे ताईनं पेंड बंद केली ती बरोबर त्या वेळी, जेव्हा आत खरी मागणी सुरू झाली.

मग पेंड बंद केल्यावर काय होतं? जार वासराला उपाशी ठेवत नाही. गव्हाणीतून आलं नाही, तर आईच्या अंगावरून काढते. चरबी काढते, मांस काढते, हाडातला चुना काढते. गाईच्या बरगड्या दिसायला लागतात, वासरू मात्र वाढतच राहतं. परदेशात कालवडींना शेवटच्या तीन महिन्यांत मुद्दाम कमी खाऊ घालून पाहिलेलं आहे. वासरं थोडी हलकी झाली हे खरं, पण बहुतेक ठिकाणी अडणाऱ्या कालवडी काही कमी झाल्या नाहीत. कारण विणं हे कष्टाचं काम आहे. कळा द्यायला अंगात ताकद लागते. उपाशी कालवड दोन-चार कळा देते आणि आडवी पडते. शिवाय वासरू निघालं तरी ते अशक्त, लवकर उठत नाही, सडाला तोंड लावत नाही. चीक कमी आणि पातळ. गाय पुन्हा माजावर यायला उशीर. म्हणजे एक-दोन किलो वासरू हलकं करण्यासाठी पुढचं अख्खं वेत घालवायचं.

याचा अर्थ गाईला ठासून खाऊ घालायचं असाही नाही. जास्त माजलेल्या गाईच्या विण्याच्या वाटेतसुद्धा चरबी बसते आणि वाट अरुंद होते. बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, अशी गाय चांगली.

आता प्रश्न उरतो, वासरू मोठं होणार की लहान हे ठरवतं कोण? बैल की गाय?

याचं उत्तर शोधायला इंग्लंडमध्ये केंब्रिजला वॉल्टन आणि हॅमंड या दोन शास्त्रज्ञांनी घोड्यांवर एक प्रयोग केला होता. 1938 साली तो प्रसिद्ध झाला. शायर नावाची तिकडची अवाढव्य ओझ्याची घोडी आणि शेटलंड नावाचं आपल्या कमरेला येईल एवढं तट्टू. कृत्रिम रेतनानं त्यांनी दोन्हीकडून संकर केला. मोठ्या घोडीला तट्टाचं रेत आणि लहान तट्टाणीला मोठ्या घोड्याचं. आई-बाप त्याच दोन जातींचे, फक्त पोट वेगळं. मोठ्या घोडीच्या पोटी जन्मलेली शिंगरं लहान तट्टाणीच्या शिंगरांच्या जवळपास तिप्पट वजनाची निघाली. तट्टाणीनं आपल्या पोटात मावेल एवढंच शिंगरू वाढू दिलं. आईची गर्भपिशवी आणि जार लगाम घालते.

हे ऐकून मला वाटतं काही जणींना हायसं वाटलं असेल. थांबा. गाईच्या बाबतीत हा लगाम असतो, पण पुरेसा घट्ट नसतो. बापाचा अंश वासरात असतो तसा जारेतही असतो, कारण जार वासराचीच आहे, आईची नाही. मोठ्या बांध्याच्या जातीचा वळू असला की जारही जास्त मागणारी तयार होते. काळी-पांढरी होल्स्टिन, जिला आपण एचएफ म्हणतो, तिचं वासरू पस्तीस ते चाळीस किलोचं असतं. जर्सीचं पंचवीसच्या आसपास. आपण मराठवाड्यात दिसेल त्या संकरित गाईला जर्शी म्हणतो. मी म्हणते ती खरी जर्सी, हरणाच्या रंगाची, लहान चणीची, मोठ्या डोळ्यांची. आपल्या लातूरकडच्या देवणीचं किंवा नांदेडकडच्या लाल कंधारीचं वासरू साधारण वीस किलोच्या आगेमागे. आता एखाद्या लहान गावरान कालवडीला, पहिल्याच वेळी, शुद्ध एचएफची कांडी भरली, तर आईचा लगाम कितीही ओढला तरी वासरू तिच्या वाटेपेक्षा मोठं होऊ शकतं. त्या ताईच्या पहिल्या गाईचं काय झालं असेल त्याचा अंदाज तुम्हाला आला असेल. कांडी कुणाची होती हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

वासरू लहान हवं असेल तर ते भरवण्याच्या दिवशी ठरवायचं असतं, सातव्या महिन्यात नाही.

पहिलारूसाठी लहान वासरं देणारी जात निवडा. खरी जर्सी, जर्सीचा संकर, किंवा गाय देवणी, लाल कंधारी असेल तर तिच्याच जातीचा वळू. या आपल्या जाती टिकवायच्या असतील तर तेच योग्यही आहे. एचएफ हवीच असेल तर गाय दोन वेतं झाल्यावर, अंगानं भरल्यावर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तयार झालेल्या फुले त्रिवेणी गाईत निम्मा अंश होल्स्टिनचा, पाव जर्सीचा आणि पाव गीरचा असतो. दूध, स्निग्धांश आणि काटकपणा यांचा मेळ घालायला तीन जाती घेतल्या. संकर म्हणजे मोठ्यात मोठा बैल शोधणं नव्हे, हे त्यावरून कळतं. आणि कालवडी जन्माला घालणारी निवडक रेताची कांडी मिळत असेल, तर पहिलारूला तीही चांगली. नर वासरू मादीपेक्षा एक ते तीन किलो जड असतं.

रेतन करायला कुणीही येऊ दे, कांडीवर वळूचा नंबर आणि जात छापलेली असते. वापरलेली कांडी मागून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या आणि तारखेसकट कार्डावर लिहून ठेवा. कार्ड हरवत असेल तर गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहा. मी अशा भिंती पाहिल्या आहेत, त्या कुठल्याही रजिस्टरपेक्षा खऱ्या असतात.

कालवड भरवण्याजोगी झाली की नाही हे वयावरून ठरवू नका. माजावर आली म्हणजे तयार झाली असं नाही. संकरित कालवड अडीचशे किलोच्या पुढे गेलेली हवी. वजनकाटा कुणाकडे नसतो, पण शिवणाची टेप प्रत्येक गटात एक तरी असते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर, गुणिले लांबी, आणि आलेल्या आकड्याला 660 नं भागा. किलोमध्ये वजन येतं. उदाहरणार्थ घेर 58 इंच, लांबी 50 इंच. 58 गुणिले 58 म्हणजे 3364. त्याला 50 नं गुणलं की 1,68,200. त्याला 660 नं भागलं की जवळजवळ 255 किलो. ही कालवड भरवायला हरकत नाही. घेर 52 आणि लांबी 46 असेल तर 190 किलोसुद्धा होत नाहीत, तिला माज आला तरी सोडून द्या. दोन-तीन माज गेले म्हणून काही बिघडत नाही. मोकाट वळूपासून मात्र अशा कालवडीला जपा.

एवढं सगळं झाल्यावर उन्हाकडे येते, कारण पुढचे दोन महिने तेच आपल्या दारात आहे.

अमेरिकेत फ्लोरिडा नावाचा गरम, दमट प्रांत आहे. तिथल्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी होल्स्टिन गाभण गाईंचे दोन गट केले. शेवटच्या तीन महिन्यांत एका गटाला सावली दिली, दुसऱ्याला दिली नाही. 1982 साली त्यांनी जे छापलं ते असं: सावली नसलेल्या गाईंच्या रक्तात ते जारेचं एस्ट्रोन सल्फेट कमी होतं आणि त्यांची वासरं सुमारे तीन किलोनं हलकी निघाली. उन्हात गाय अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळवते, गर्भपिशवीकडे कमी जातं. जार खुरटते. जार खुरटली की निरोप कमी, अन्न कमी.

कुणी म्हणेल, बरंच झालं की, वासरू फुकटात लहान झालं! पण तीच जार कास तयार करत असते, हे मघाशी सांगितलं. त्याच विद्यापीठात पुढे बरीच वर्षं हे काम चाललं. आटवलेल्या काळात ज्या गाईंना थंडावा मिळाला, त्यांनी व्याल्यावर जास्त दूध दिलं. इतकंच नाही, तर त्यांच्या पोटच्या कालवडी मोठ्या होऊन व्याल्या तेव्हा त्यांनीही पहिल्या वेतात जास्त दूध दिलं. आईच्या पोटात असताना सोसलेलं ऊन लेकीच्या दुधात दोन वर्षांनी दिसलं. म्हणजे एक लहान वासरू बैलामुळे लहान असतं, ते धडधाकट असतं. दुसरं लहान वासरू उपासामुळे किंवा उन्हामुळे लहान असतं, ते खुरटलेलं असतं. तराजूत दोन्ही सारखीच भरतील.

तिकडे पंखे आणि फवारे होते. आपल्याकडे वीजच दुपारी जाते. पण कडुलिंब आहे. गाभण गाय दुपारी पत्र्याखाली बांधण्यापेक्षा झाडाखाली बांधा. पत्राच असेल तर त्यावर तुराट्या, पळाट्या, उसाचं पाचट, जे असेल ते हातभर जाड टाका आणि बाजूला ओलं गोणपाट लावा. पाणी दिवसातून दोनदा दाखवायचं नाही, ते तिच्यापुढे कायम असावं, आणि हौद सावलीत. उन्हात तापलेलं पाणी गाय पीत नाही. कडबा आणि खुराक पहाटे आणि रात्री द्या, दुपारी नुसता गव्हाणीत पडून राहतो. सातव्या महिन्यापासून नेहमीच्या चाऱ्यावर गर्भासाठी दीड किलोच्या आसपास खुराक, सरकी पेंड आणि मक्याचा भरडा मिळून, आणि खनिज मिश्रण. दूध देणारी गाय असेल तर विण्याच्या दोन महिने आधी आटवा. मला माहीत आहे, डेअरीत घालायला दोन लिटर कमी झालं की घरात बोलणी बसतात. तरी आटवा.

आता विण्याचा दिवस. गाय केव्हा विणार हे ठरवतं कोण? आपल्याला वाटतं गाय. ठरवतं वासरू. दिवस भरले की पोटातली जागा आणि जारेकडून येणारं अन्न वासराला पुरेनासं होतं. वासराच्या मूत्रपिंडाजवळच्या छोट्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडायला लागतात. तो निरोप जारेला पोचतो, आणि इतके महिने गर्भपिशवीला शांत ठेवणारं प्रोजेस्टेरॉन उतरणीला लागतं. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी खळगे पडतात, पुठ्ठ्याचे बांध सैल होतात. आपण म्हणतो, गाईनं पुठ्ठा सोडला. कास तटतटते. मग कळा. पोटातलं पिल्लूच आपल्या जन्माची वेळ ठरवतं, हे न्यूझीलंडच्या डॉक्टर लिगिन्स यांनी 1960 च्या दशकात मेंढ्यांवर काम करून दाखवलं. त्याच कामातून पुढे, दिवसांआधी बाळंत होऊ शकणाऱ्या बाईला बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून देतात ते इंजेक्शन आलं. तुमच्यापैकी कुणाच्या सुनेला, लेकीला ते दिलं असेल. त्याचं मूळ मेंढीच्या पोटात आहे. याच जातीची औषधं गाईला शेवटच्या महिन्यांत दिली तर ती दिवसांआधी विऊ शकते, म्हणून पुन्हा सांगते, महिना सांगितल्याशिवाय इंजेक्शन नको.

पाण्याची पिशवी दिसली किंवा फुटली की घड्याळ बघा. तासाभरात पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं पाहिजे. पहिलारूला थोडा जास्त वेळ द्या, पण दोन तासांच्या वर नाही. एकच पाय दिसतोय, शेपटी दिसतेय, पाय दिसतात पण नाक नाही, तर वाट बघू नका. चार माणसं बोलावून दोरी लावण्याआधी डॉक्टर बोलवा. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा फुकट नंबर आहे. रात्रीचं पथक येईलच असं नाही, म्हणून जवळच्या डॉक्टरांचा नंबरही आधीच विचारून ठेवा. वासरू निघालं की जार पडायची वाट न बघता तासाभरात चीक पाजा, वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी अडीच लिटर, दोन-तीन वेळा विभागून. जार पडल्याशिवाय चीक पाजू नये म्हणतात, त्याला काही आधार नाही. आणि लोंबणाऱ्या जारेला दगड किंवा चप्पल बांधू नका. ती बटणं आपली आपण सुटावी लागतात. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर.

तारीख काढायची सोपी रीत: संकरित गाईला भरवल्याच्या तारखेत नऊ महिने आणि वर एक आठवडा मिळवा. गावरान, गीर, देवणीला नऊ महिने आणि दोन आठवडे. म्हशीला दहा महिने आणि एक आठवडा. पाच-सात दिवस इकडे-तिकडे होतंच.

ज्या ताईचं सांगत होते तिनं परवा फोन केला. रेतन करणाऱ्याकडून कार्ड शोधून घेतलं, त्यावर वळू जर्सी लिहिलेला आहे. निम्मी भीती तिथेच गेली, असं म्हणाली. पेंड पुन्हा सुरू केली आहे, एकदम नाही, रोज थोडी थोडी वाढवत. पत्र्यावर तुराट्या टाकल्या. "नवरा म्हणतो, माणसांच्या घरावर टाकायला तुराट्या नाहीत आन् तू गोठ्यावर टाकते," हेही सांगून हसली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भरवलेली, मध्ये अधिक महिना आला नाही, तर गुरुपौर्णिमेनंतर आठ-दहा दिवसांनी दिवस भरतात. त्या आठवड्यात गटातल्या बाया रात्री आळीपाळीनं तिच्या गोठ्यात झोपणार आहेत. वासरू उभं राहिलं की टेपनं त्याच्या छातीचा घेर मोजून ती मला कळवणार आहे, आणि मी तुम्हाला.